जुन्या मोटारीचे ब्रेक : दुरुस्तीनंतरचें निदान

दुरुस्त करून आणलेली वस्तु पूर्वीपेक्षां चांगली चालावी, अशी मनुष्याची साहजिक अपेक्षा असते. जुन्या मोटारीचे ब्रेक ही अपेक्षा पुष्कळदां फोल ठरवितात. नवे शू बसविले, नवा मास्टर सिलिंडर घातला, पैसे मोजले. आणि गाडी गॅरेजबाहेर पडतांच पेडल खोल जाऊं लागतें किंवा गाडी एका बाजूस ओढूं लागते. मालक म्हणतो, भाग नकली निघाला. मिस्त्री म्हणतो, गाडीच जुनी. आणि आणखी एक नवा भाग विकत आणला जातो. वस्तुतः दोष बहुधा त्या भागांत नसतो, तर नव्याचें जुन्याशीं न जुळण्यांत असतो. तो कोठें आहे हें पेडल आणि चाकें स्वतःच सांगत असतात. तें ऐकण्यापूर्वीं भाग बदलीत सुटणें म्हणजे निदानावांचून औषध देणें होय.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घ्यावी. इटलीच्या फिआट ११०० या गाडीच्या घडणीची ही मोटार मुंबईंत कुर्ला येथील कारखान्यांत तयार होई, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक वर्षें त्या शहराची ओळख होती. टॅक्सी म्हणून २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. हौसेनें जपलेल्या खाजगी पद्मिनी मात्र अजून दृष्टीस पडतात, आणि त्यांचे ड्रम-ब्रेक नीट ठेवणें हें त्यांच्या मालकांचें कर्तव्यच आहे.

या ब्रेकची रचना सोपी आहे. पायाचा दाब मास्टर सिलिंडरांतील ऑईलवर पडतो. तो नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरापर्यंत पोंचतो. तेथील पिस्टन शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमवर घासून चाक थांबतें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलेला नियम येथें राबतो. परंतु ऑईल जवळजवळ दबत नाहीं, हवा मात्र दबते. त्यामुळें नळ्यांत राहिलेला लहानसा बुडबुडाहि पायाचा जोर गिळून टाकतो.

पेडल स्पंजासारखें मऊ लागत असेल तर हवा राहिली आहे, असें समजावें. कोरा मास्टर सिलिंडर आंतून रिकामा असतो. तो गाडीवर चढविण्यापूर्वींच ऑईलनें भरून त्यांतील हवा काढली नाहीं, तर ती पुढें हट्टानें आंतच राहते. चाकांची हवा काढतांना सामान्यतः मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा, आणि डबींतील ऑईल मध्येंच संपूं देऊं नये.

पेडल घट्ट आहे पण फार खालीं लागतें, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबल्यास वर येतें, तर दोष हवेचा नव्हे, बहुधा शूंच्या अंतराचा आहे. नवे शू बसविल्यावर ते ड्रमच्या जवळ आणून लावणें राहून गेलेलें असतें. येथें मास्टर सिलिंडर बदलणें व्यर्थ खर्च होय.

पेडल पायाखालीं सावकाश बुडत जात असेल आणि बाहेर कोठेंहि ऑईल गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरांतील रबरी कप दाब धरीत नाहींत. याचें एक कारण दुरुस्तींतच दडलेलें असतें. नेहमींच्या वापरांत पेडल अर्ध्यावरच थांबतें. सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षें न घासतां गंजतो. हवा काढतांना मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो, आणि चांगले चाललेले कप त्या गंजावरून जाऊन फाटतात. म्हणून जुन्या सिलिंडरावर काम करतांना पेडलखालीं लांकडाचा ठोकळा ठेवणें शहाणपणाचें असतें.

ब्रेक लागून सुटत नसेल, तर चाक जमिनीवरून उचलून त्याचा निपल सैल करावा. चाक तत्काळ मोकळें झालें तर आंत ऑईलचा दाब अडकला आहे. न झालें तर स्प्रिंग, शू किंवा हातब्रेकची तार पाहावी. दाब सर्वच चाकांत अडकत असेल तर पेडलच्या दांडीला मोकळीक उरली आहे कीं नाहीं, हें तपासावें. ती नसेल तर ऑईल परत येण्याचें बारीक छिद्र बंदच राहतें. एकाच चाकांत अडकत असेल तर त्याची रबरी नळी संशयास्पद समजावी. बाहेरून धडधाकट दिसणारी जुनी नळी आंतून फुगून ऑईलला जाऊं देते, पण परत येऊं देत नाहीं.

गाडी एका बाजूस ओढत असेल, तर जीकडे ओढते त्याच्या उलट बाजूचें चाक आधीं उघडावें. तेथें लायनर तेलकट झाला असेल किंवा पिस्टन गंजून अडकला असेल. डाव्या-उजव्या चाकांना निरनिराळ्या जातीचे लायनर घातल्यानेंहि असेंच होतें. यास्तव शू जोडीनेंच बदलावे. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळें त्यांची धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. रबरी कपांना पेट्रोल किंवा इंजिनचें तेल लागूं देऊं नये. त्यानें ते फुगतात.

हें सर्व घाटांत कळून येण्यापेक्षां अंगणांत कळलेलें बरें. ब्रेक-ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें कोरें ऑईल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. ओलावलेलें ऑईल १४० अंशांच्या सुमारासहि उकळूं शकतें. बोरघाट उतरतांना ड्रम तापले आणि ऑईलची वाफ झाली, म्हणजे घट्ट पेडलहि एकाएकीं पोकळ होतें. त्यांतून अशा पुष्कळ जुन्या गाड्यांत चारी चाकांना मिळून ऑईलचा एकच मार्ग असतो. एका ठिकाणीं नळी फुटली कीं चारी ब्रेक जातात, आणि उरतो तो हातब्रेक व खालचा गिअर.

म्हणून दुरुस्तीनंतर गाडी उभी असतांना पेडल एक मिनिट जोरानें दाबून धरावें, प्रत्येक चाकाजवळ गळती पाहावी, हातब्रेक पारखावा, आणि मगच मोकळ्या, सपाट रस्त्यावर मंद वेगानें दोन-चार वेळां थांबून पाहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशानें आला हें कळतें. ज्या मिस्त्रीला एवढा वेळ दिला जातो, त्याचें काम सहसा फसत नाहीं. ज्याला 'संध्याकाळपर्यंत गाडी द्या' एवढेंच सांगितलें जातें, त्याच्याकडून घेतलेल्या गाडीची खरी परीक्षा रस्त्यावर होते. आणि तेथें मालकाबरोबर समोरून येणाऱ्या निरपराध पादचाऱ्याचाहि जीव पणाला लागलेला असतो.