काम थांबविण्याची नोटीस



आपल्यापैकी कित्येकजण वाडीतले जुने घर उतरवून नवे बांधीत आहेत. काहीजण पालघर-बोईसरकडे सदनिका घेत आहेत. अशा वेळी काम थांबविण्याची नोटीस आली, की कोणी तरी शहाणा सांगतो, "काम चालू ठेवा, पुढचे पुढे पाहू." या सल्ल्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असता इमारती वर चढविल्या. एक तर वीस मजल्यांपर्यंत गेली. महापालिकेने १९८४ सालीच काम थांबविण्याची नोटीस दिली होती. बांधणारांनी ती जुमानली नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसतानाच लोक राहावयास आले. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचे म्हणणे फेटाळले, आणि जून २०१४ मध्ये जादा मजल्यांवरील घरांचे वीज, पाणी व गॅस तोडण्यात आले. नोटीस बिल्डरास लागली होती. झळ बसली ती घेणारास.

आपली चिंचणी डहाणू तालुक्यात. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा सारा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला व फळबागांच्या जमिनीचा वापर बदलण्यावर निर्बंध घातले. शिवाय किनाऱ्यालगत सागरी नियमनाचे नियम आहेतच. तेव्हा बोईसरला मेहुण्याने बांधले, म्हणून आपणांसही येथे तसे बांधता येईल, हा हिशेब चुकीचा आहे.

नोटिशीवरील कलम प्रथम वाचावे. नगररचनेच्या १९६६ च्या अधिनियमातील कलम ५४ असेल, तर नोटीस मिळताच काम बंद केले पाहिजे. पुढे रेटणे हा गुन्हा होय. कलम ५३ असेल, तर बांधलेले काढून टाकण्याचा प्रश्न असतो; परंतु दिलेल्या मुदतीत ते राखण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. परवानगी नाकारली गेल्यास कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे. हे दिवस मध्यस्थाच्या मागे हिंडण्यात घालवू नयेत.

जोत्याच्या तपासणीत दोष निघाला, तर तो तेथेच दुरुस्त करून घ्यावा. विद्यार्थी वहीवरील लाल खुणा पाहून पुन्हा लिहितो. आम्ही मोठी माणसे मात्र तपासणाऱ्यावर रागावतो! जोते हलविणे खर्चाचे खरे, पण वर भिंती चढल्यावर ते कितीतरी महाग पडते.

अर्ज लेखीच द्यावा, मंजूर नकाशाची प्रत जोडावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्यावाचून कचेरीतून निघू नये.