अद्भुतातील माणूस

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्यास पाचारण केले, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. मात्र विषय ठरविताना मंडळींनी आमची थोडी पंचाईत केली. चिटणीसांचा निरोप आला, की ‘तुम्ही यक्ष, राक्षस, उडते किल्ले असे सारे लिहिता, तर ती पात्रे तुम्ही घडविता कशी, ते सांगा.’ जन्मभर जे केले ते कसे केले, असे कोणी विचारले म्हणजे माणूस गोंधळतो. पोळी कशी फुगते, हे घरात विचारून पाहावे. उत्तर मिळेल, ‘फुगते.’ तरीही संस्थेची आज्ञा आम्हांस मोडवत नाही. कारण या बाबतीतला सर्वांत मोठा धडा आम्हांस मिळाला तो कोणा पंडिताकडून नव्हे, तर याच संस्थेच्या कोठीघरात. तेव्हा तो हिशेब येथेच सांगणे योग्य.

१९६४ साली आम्ही अमरेलीहून शिक्षणासाठी बडोद्यास आलो. घरची स्थिती बेताची होती. संस्थेच्या वसतिगृहात अल्प फीवर जागा मिळाली, म्हणून शिकलो. सकाळी कॉलेज आणि दुपारी मध्यवर्ती ग्रंथालय असा आमचा क्रम असे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांची जी मोठी योजना हाती घेतली, तिचे हे फळ आमच्यासारख्या मुलांस दुसरे घरच होते. तेथेच नाथमाधवांची ‘वीरधवल’ हाती पडली. १९१३ सालची ही कादंबरी पन्नास वर्षांनंतरही आमची झोप उडवीत होती. पुढे त्याही मागची, हळबे यांची १८६१ सालची ‘मुक्तामाला’ वाचली. मराठी कादंबरी पाऊल टाकू लागली तीच मुळी अद्भुताचे बोट धरून, हे ध्यानात आले आणि आपणही असे काही लिहावे, अशी उमेद मनात उत्पन्न झाली.

या उमेदीच्या आड एकच गृहस्थ येत. ते म्हणजे कोठीचे काका. आम्ही मुले त्यांना नुसते काकाच म्हणत असू. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, घशात कायमची खाकर आणि हातात मापटे. तांदूळ मापताना वरचे दाणे ते बोटाने निपटून काढीत. तूप वाढावयाची पळी त्यांनी बाजारातून मुद्दाम लहान शोधून आणली होती, असा आमचा समज होता. रात्री दहाच्या ठोक्याला दिवा मालविण्यास येत, आणि ‘एवढे प्रकरण संपू द्या’ या विनंतीचा त्यांच्यावर कधी परिणाम झाला नाही.

१९७२ साली आमची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत डोंगराच्या पोटात धान्याच्या राशी राखणारा एक कृपण यक्ष होता. प्रजा दुष्काळाने तळमळत असता तो दाणा सुटू देत नाही, आणि शेवटी नायक त्याचा वध करतो. या यक्षाच्या कंबरेला किल्ल्या होत्या आणि घशात खाकर होती. वसतिगृहातील जुन्या सोबत्यांनी त्यास तत्काळ ओळखले. त्यांची हसून हसून पुरेवाट झाली. आम्हीही खूश झालो. चार वर्षांच्या तुपाचा सूड आम्ही तीनशे पानांत उगविला होता.

पुढे एकदा आम्ही वसतिगृहात गेलो. काका सुपात तांदूळ निवडीत बसले होते. वर न पाहता म्हणाले, ‘वाचले हो तुझे पुस्तक. खोकला माझाच आहे. किल्ल्याही माझ्याच.’ धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे आम्हांस झाले. पण त्यांच्या स्वरात राग नव्हता. एक खडा वेचून बाजूस टाकीत त्यांनी विचारले, ‘एक सांग. तुझा यक्ष तीनशे पाने धान्यावर बसून आहे. तो जेवतो केव्हा?’

आम्ही हसून वेळ मारून नेली. त्या दिवशी दुपारी मात्र मुद्दाम रेंगाळलो. साठ मुले जेवून गेली. मग वाढपी बसले. मग आचारी बसला. अडीच वाजता काकांनी आपले ताट घेतले, त्याच मापट्याने भात घेतला, वरचे दाणे त्याच बोटाने निपटले आणि त्याच लहान पळीने तूप घेतले. काका मनातून मोठे उदार होते, असे आम्ही सांगणार नाही. ते चिक्कूच होते. पण तो चिक्कूपणा त्यांनी स्वतःसही सोडला नव्हता. महिनाअखेरपर्यंत कोठी पुरवावयाची, हा त्यांचा धर्म होता. चार वर्षे एका छपराखाली राहून आम्ही त्यांना जेवताना एकदाही पाहिले नव्हते, आणि न पाहताच पुस्तकात त्यांचा वध करून मोकळे झालो होतो.

पुढे वाचनाच्या ओघात कळले, की मोठ्या लेखकांनाही आपले पात्र पुन्हा नव्याने पाहावे लागले आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांचे उदाहरण येथे देतो. १९३७ साली त्यांचे ‘द हॉबिट’ हे मुलांचे पुस्तक निघाले. त्यात बिल्बो नावाच्या बुटक्या नायकास अंधाऱ्या गुहेत गॉलम नावाचा एक किळसवाणा जीव भेटतो. दोघे कोडी घालण्याची पैज लावतात. पहिल्या आवृत्तीत हा गॉलम हरल्यावर कबूल केलेली अंगठी बक्षीस देऊ पाहतो, ती सापडत नाही म्हणून क्षमा मागतो, आणि वाट दाखवून निरोप घेतो. पुढे टोल्किन यांनी मोठा ग्रंथ लिहावयास घेतला, तेव्हा ती अंगठी धारण करणाऱ्याचे मन ग्रासणारी भयंकर वस्तू ठरली. मग अशी वस्तू कोणी हसतमुखाने बक्षीस कशी देईल?

१९४७ साली त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहून, नमुना म्हणून, प्रकाशकांकडे पाठविले. काही वर्षांनी मुद्रिते आली तेव्हा नवे प्रकरण त्यात छापलेलेच पाहून त्यांस आश्चर्य वाटले. १९५१ च्या आवृत्तीत ते आले. आता अंगठी हरवल्याचे कळताच गॉलम आकांत करतो. अदृश्य झालेल्या बिल्बोच्या हाती तलवार आहे. एका घावात काम होईल. पण त्या जीवाचे अंधारातले एकाकी जिणे बिल्बोच्या क्षणभर ध्यानी येते, आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. मग आधीची हकीकत खोटी ठरली, तिचे काय? टोल्किन यांनी सांगितले, की ती बिल्बोने मित्रांना मारलेली थाप होती. अंगठीवर आपला हक्क दिसावा म्हणून. लेखकाची विसंगती अशा रीतीने पात्राचा दुबळेपणा बनली. यापरते सुंदर निस्तरणे आम्ही दुसरे पाहिले नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ग्रंथ १९५४ आणि १९५५ साली तीन भागांत निघाला. त्याच्या अखेरीस नायक फ्रोडो अंगठी अग्नीत टाकण्यासाठी ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचतो, आणि तेथे त्याचा निश्चय ढळतो. कार्य तडीस जाते ते गॉलममुळे. तो फ्रोडोचे बोट चावून अंगठी हिसकावतो आणि तोल जाऊन तीसह आगीत पडतो. बिल्बोने त्या रात्री तलवार चालविली असती, तर हा शेवट झालाच नसता.

त्याआधी एक लहानसा प्रसंग आहे. फ्रोडो आणि त्याचा इमानी सेवक सॅम जिन्यावर झोपले आहेत. गॉलम त्यांस दगा देण्याच्या बेतात आहे. पण निजलेल्या फ्रोडोकडे पाहून त्याचे मन द्रवते, आणि तो हलकेच त्याच्या गुडघ्यास स्पर्श करतो. इतक्यात सॅम जागा होतो आणि त्यास टाकून बोलतो. संपले. तो क्षण गेला तो गेलाच. सॅम दुष्ट नव्हे. त्याच्याइतका भला माणूस त्या ग्रंथात दुसरा नाही. म्हणूनच हा प्रसंग मनास लागतो. टोल्किन यांनीही आपल्या पत्रव्यवहारात त्याविषयी विशेष हळहळ दर्शविली आहे. हे वाचले त्या रात्री आम्हांस कोठीघर आठवले. तीनशे पाने आम्ही टाकूनच बोललो होतो.

आणि यासाठी विलायतेस जाण्याचे तरी काय कारण? आपल्या महाभारतातील हिडिंबा पाहा. भाऊ तिला पांडवांस मारून आणण्यास पाठवितो. ती येते, भीमाला पाहते आणि तेथेच तिचे मन पालटते. पुढे घटोत्कच जन्मतो, पांडव आपल्या वाटेने जातात, आणि ती रानातच राहते. राक्षसी म्हणून जी आली, ती आई म्हणून मागे राहिली.

होतकरू लेखक आम्हांस विचारतात, की पात्राची जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग आधी लिहून काढावा काय? खुशाल काढावा. पण त्याने पात्र चालू लागत नाही. आम्ही अलीकडे तीनच गोष्टी विचारतो. हा जेवतो केव्हा? हा कोणाची वाट पाहतो? आणि आपण याला काही बोललो, तर हा काय उत्तर देईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकू येईपर्यंत आम्ही लेखणी उचलीत नाही. किल्ला हवेत उडाला तरी वाचक मान्य करतो; पण त्या किल्ल्याच्या पहारेकऱ्याला भूक लागत नाही म्हटले, की त्याचा विश्वास उडतो.

तो यक्ष आम्ही पुन्हा लिहिला. या खेपेस त्याला भूक दिली, आणि ज्यासाठी धान्य राखावयाचे तो पुढचा दुष्काळ त्याच्या डोळ्यांपुढे ठेवला. झाले असे, की नायकाला त्याचा वध करता येईना. ठरविलेला शेवट मोडला. सहा महिने हस्तलिखित अडून पडले. अखेर दोघांनी बसून दाणे मोजले, आणि कादंबरी पुरी झाली. ती निघाली १९८१ साली. काका १९७९ सालीच वारले होते. त्यांना तो यक्ष जेवताना दाखविण्याचे राहून गेले ते राहूनच गेले.

मंडळी, आपल्या संस्थेकडे दर साली अर्ज येतात. ‘गरजू’, ‘होतकरू’, ‘अपात्र’ असे शेरे मारल्याखेरीज कारभार चालत नाही, हे आम्ही जाणतो. आम्हीही एकदा असाच एक अर्ज होतो, आणि त्यावर कोणी तरी अनुकूल शेरा मारला म्हणून आज येथे उभे आहोत. शेरा जरूर मारावा. फक्त त्याखालचा माणूस तेवढाच नसतो, हे ध्यानी असावे. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. एकावर चुकीचा शेरा मारून तो छापून घेतलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

आता पंगतीची वेळ झाली आहे, आणि स्वयंपाकघरातून वासही येऊ लागला आहे. पाहुणे म्हणून आमचे पान पहिल्या पंगतीस मांडल्याचे आम्हांस कळले. कार्यकारी मंडळास एकच विनंती आहे. ते पान तेथून उचलावे, आणि शेवटच्या पंगतीस, वाढप्यांच्या आणि आचाऱ्यांच्या शेजारी मांडावे. तूप जे काय उरेल ते चालेल.