इंजिन बदलण्यापूर्वी

सुरतेच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापडाच्या रंगाईचे व छपाईचे कारखाने हे तिचे वैभव. धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी मुलखातून पोटासाठी निघालेली असंख्य मराठी कुटुंबे या भागात व शेजारच्या उधना, लिंबायत या वस्त्यांत येऊन स्थिरावली आहेत.

त्यांपैकीच एका गृहस्थाची कल्पना करावी. गावाकडचा शेताचा तुकडा गहाण टाकून त्याने धुळ्याहून एक जुनी मोटार टॅक्सीसाठी आणली. सहा महिने बरे गेले आणि इंजिनाने मान टाकली. गॅरेजातील मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे इंजिन पुन्हा बांधण्यात पैसा घालू नका. परदेशातून आलेले एक वापरलेले इंजिन आहे. ताकद दीडपट, आणि चार दिवसांत बसवून देतो." भाव परवडण्यासारखा होता. घरी हप्ता, मुलांची फी आणि म्हातारी आई. त्या गृहस्थाने होकार द्यावा काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे कलम ५२ याच विषयासंबंधी आहे. उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवून दिले व जे नोंदणीपत्रात लिहिले गेले, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये, असे ते कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ असाच कडकपणे लावला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ नव्या स्वरूपात आले. परवानगीबाह्य अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे.

कोणी म्हणेल, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीत सरकारने का डोकवावे? त्याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. मोटार म्हणजे सुट्या भागांची मोळी नव्हे. इंजिनाच्या ताकदीच्या हिशेबाने ब्रेक, गिअर बॉक्स, स्प्रिंगा आणि सांगाडा बेतलेला असतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारे ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. इंजिन जड असेल तर पुढच्या आसावर भार वाढतो व सुकाणू जड होते. शिवाय धुराची कसोटी त्या गाडीची त्या इंजिनासह झालेली असते. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या वाहनांना भारत स्टेज सहाचे मान लागू आहे. परक्या देशाच्या मानावर बनलेले इंजिन कोणत्याही चाचणीवाचून रस्त्यावर आले, तर त्याचा धूर पाळी संपवून पायी घरी निघालेल्या कामगाराच्याच छातीत जावयाचा.

परदेशी इंजिन हेच पाप, असा मात्र याचा अर्थ नाही. अँबेसेडर गाडीत जपानच्या इसुझु कंपनीच्या रचनेचे इंजिन स्वतः कारखान्यानेच बसविले होते. उत्पादक सबंध गाडीची चाचणी करवून घेतो आणि मगच ती विकतो. गॅरेजात चार दिवसांत ही चाचणी होत नाही, हा खरा फरक.

कायद्याने सगळीच दारे लावलेली नाहीत. इंजिन निकामी झाले तर त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे दुसरे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने बसविता येते. दहा किंवा अधिक व्यापारी वाहने बाळगणाऱ्यांना असा बदल पूर्वसंमतीवाचून करू देण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. बदल झाल्यावर मात्र चौदा दिवसांत कळवून आर. सी. बुकात नोंद करून घ्यावी लागते. गाडी भाडेखरेदीच्या कराराने घेतली असेल, तर नोंदलेल्या मालकाची लेखी संमतीही हवी. सी.एन.जी. किंवा बॅटरीवर गाडी वळवावयाची झाल्यास मान्यताप्राप्त संच अधिकृत ठिकाणी बसवून तसे करता येते. मुंबईच्या जुन्या टॅक्स्या याच वाटेने सी.एन.जी.वर आल्या.

धुळ्याहून आणलेल्या गाडीला आणखी एक पेच आहे. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ गुजरातेत राहिली, की तिला येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी निरीक्षक चेसिसचा व इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतो. क्रमांक जुळला नाही, तर इंजिन चोरीचे नाही हे सिद्ध करण्याची धावपळ मालकाच्याच नशिबी येते. अपघात झाला आणि फेरफार विमा कंपनीपासून लपविलेला निघाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावाही अडकू शकतो. मिस्त्री तेव्हा तेथे नसतो.

तेव्हा त्या गृहस्थाने मिस्त्रीला तीन गोष्टी विचाराव्यात. इंजिन माझ्याच गाडीच्या बनावटीचे व प्रकारचे आहे काय? त्याचे पक्के बिल, आणि ते परदेशातून आले असल्यास जकात भरल्याचा कागद, मिळेल काय? आर. टी. ओ.च्या संमतीआधी काम सुरू न करण्याची तयारी आहे काय? यांतील एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर जुनेच इंजिन बांधून घ्यावे. त्यात महिनाभराची कमाई बुडेल, हे खरे आणि कष्टाचे आहे. पण गहाण पडलेले शेत सोडवावयाचे, ते रस्त्यावर निर्धास्त चालणाऱ्या गाडीच्या बळावरच.