मुंगूस कुणाचं कोण?

कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर बाजूला राहणाऱ्यांना मुंगसाची ओळख करून द्यायला नको. रुळांच्या कडेचं गवत असो, सोसायटीच्या मागचा पडका गडगा असो, जरा आडोसा मिळाला की ते दिसतंच. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड आणि चालण्यातली ती सरपटती घाई. युरोपातल्या वीझल नावाच्या प्राण्याचं चित्र कुणी समोर ठेवलं, तर तुम्ही-आम्ही सहज म्हणू, अरे, हे तर आपल्या मुंगसाचं भावंड!

पण मुंगसाचं नातं जुळतं ते मांजराशी, उदमांजराशी आणि त्याहून जवळचं म्हणजे तरसाशी. वीझलच्या घराण्यातला आपल्याकडचा खरा प्रतिनिधी वेगळाच आहे. कोकणातल्या नद्याखाड्यांत मासे मारणारा ऊद, म्हणजेच पाणमांजर. ते कुत्रा, अस्वल आणि सील यांच्या बाजूचं. नावावर जाऊ नका, आणि रूपावर तर त्याहून नको.

रूपावर भले भले फसले आहेत. स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली प्राण्यांची मांडणी केली, तेव्हा त्यानं पाणमांजर आणि वीझल एका गटात ठेवले. ते बरोबरच होतं. पण त्यांचाच नातेवाईक असलेला युरोपातला बिजू मात्र त्यानं अस्वलांत नेऊन बसवला. पुढं आपल्याकडं ज्याला चांदी अस्वल म्हणतात, त्या प्राण्याचं शास्त्रीय नामकरण झालं तेव्हा त्याची नोंद पडली उदमांजरांच्या खात्यात. आज चांदी अस्वल वीझलच्याच घराण्यात आहे. या घराण्याला मुस्टेलिडी म्हणतात. पण त्या घराण्यातही त्याची शाखा एकटी, स्वतंत्र.

मग नातं ओळखायचं कशावरून? लंडनमध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर नावाचे शरीररचनेचे अभ्यासक होते. १८६९ साली त्यांनी मांसभक्षी प्राण्यांच्या कवट्या अक्षरशः उलट्या करून पाहिल्या. कवटीच्या तळाशी, कानाच्या जागी, हाडाचे दोन फुगवटे असतात. मांजर, उदमांजर, मुंगूस यांच्या फुगवट्याच्या आत हाडाचा पडदा असतो, त्यानं पोकळीचे दोन कप्पे होतात. पाणमांजर, वीझल, अस्वल यांच्यात तसा पडदा नाही. शिकार बदलली की दात बदलतात, पोहायला लागलं की पाय बदलतात. कानामागच्या या आडबाजूच्या हाडाला मात्र बदलायची फारशी गरज पडत नाही, म्हणून त्याची साक्ष भरवशाची. सव्वाशे वर्षांनी जनुकं वाचता यायला लागली, तेव्हा ही मोठी विभागणी कायम राहिली. मला या गोष्टीचं नेहमी कौतुक वाटतं.

जनुकांनी काही धक्केही दिले. दुर्गंधी फवारणारा अमेरिकेतला स्कंक मुस्टेलिडीतलाच मानला जाई. १९९७ मध्ये त्याला वेगळं घर काढून द्यावं लागलं.

आता प्रश्न राहतो, नातं नसताना मुंगूस आणि वीझल इतके सारखे का? कारण धंदा एक. बिळात शिरून उंदीर धरायचा तर अंग लांब आणि बारीकच हवं. वीझल आपल्या देशात हिमालय आणि ईशान्येकडचे. दख्खनच्या पठारावर आणि कोकणात ती जागा मुंगसांनी घेतली.

मांजराकडची आणि कुत्र्याकडची अशा या दोन शाखा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. ठाण्याहून कल्याणकडं येताना पारसिकचा डोंगर लागतो. १९१६ पासून ज्याच्या बोगद्यातून गाड्या धावल्या, तो. त्याचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे या फाटाफुटीच्याही आधीचा. त्यात या मंडळींची हाडं शोधायला जाऊ नये. त्यासाठी शिवालिकच्या टेकड्यांकडं जावं लागतं. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटली यांनी तिथून जीवाश्मांच्या राशी जमवल्या. त्यात पाणमांजरंही होती. एक तर आजच्या पाणमांजराच्या अगदी जवळचं. दुसरं, एन्हायड्रिओडॉन, भल्याथोरल्या दाढांचं. त्याच्या आफ्रिकेतल्या एका भाईबंदाचं वर्णन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. इथिओपियातल्या त्या पाणमांजराचं वजन २०० किलोच्या घरात असावं, असा अंदाज आहे. आपल्या खाडीत असलं काही वर आलं, तर कोळ्यांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे!

आजच्या महाराष्ट्रात जास्त करून दिसतं ते गुळगुळीत केसांचं पाणमांजर. शास्त्रज्ञ त्याला लुट्रोगेल म्हणतात आणि या वंशात आज जिवंत जात ही एवढीच. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या ओढ्यांत त्याचा लहानखुरा चुलतभाऊ राहतो, आखूड नखांचा, चिखलात हात घालून खेकडे चाचपणारा. त्याचा वंश वेगळा धरला जातो. पण सिंगापूरच्या गुळगुळीत पाणमांजरांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांच्या आईकडच्या वारशात हा लहानखुरा चुलतभाऊ सापडला. दोन वेगळ्या वंशांतल्या प्राण्यांची सोयरीक होऊन संतती पुढं चालत असेल, तर ते वंश वेगळे ठेवायचे कशाला, असं काही शास्त्रज्ञ विचारतात. दोघांना एकाच वंशात घालावं, असा त्यांचा आग्रह आहे. बाकीचे म्हणतात, दातांकडं पाहा, कवटीकडं पाहा, माशांमागं पोहणारा आणि खेकडे चाचपणारा यांची मिसळ करू नका. १७५८ मध्ये सुरू झालेलं हे खातेवाटप अजून मिटलेलं नाही.