साखळदंड पडद्यावरचे आणि खरे

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. प्रेक्षक म्हणून बोलतो.

२००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात २८ मनोरुग्ण आगीत गेले. साखळदंडांनी बांधलेले होते, पळणार कसे? दोन वर्षांनी ‘तेरे नाम’चा नायकही आश्रमात साखळदंडांतच होता. आपण मात्र त्याची हेअरस्टाईल उचलली. ‘भूल भुलैया’तला (२००७) डॉक्टर तर मांत्रिकी विधीचं नाटक करून बरं करतो. मराठी ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषला बहीण सरळ डॉक्टरांकडे नेते.

२०१७ च्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. घरात कुणाला त्रास असेल तर लपवू नका. दुआ जरूर करा, पण डॉक्टरांकडेही न्या. सरकारी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे.