जुन्या मोटारसायकलीची चढलेली रेस

मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा मोटारसायकलीविषयी बोलण्याचा या गृहस्थाला अधिकार काय, असे कुणाच्या मनात आले तर त्यात गैर नाही. अधिकार एवढाच, की वडिलांची शंभर सीसीची जुनी गाडी मी गेली पंधरा-सोळा वर्षे नांदेड-लातूर रस्त्यावर चालवतो आहे, आणि तिने मला बरेच शिकवले आहे.

आपल्या भागात पूर्वी राजदूत नाहीतर बुलेट दिसे, तीही एखाद्याच दारात. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे गुरुजी, दूधवाले, ग्रामसेवक अशा सगळ्यांच्या दारात मोटारसायकल आली. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर बहुतेक गेलाच. पण लोहा, अहमदपूर, चाकूरच्या बाजारात जाऊन उभ्या गाड्या पाहा. कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि आजचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

झाले असे. माळेगावच्या यात्रेचे दिवस होते. मागे माझी मुलगी बसलेली. रस्त्यावर माणसांची आणि जनावरांची ही गर्दी. मी मूठ सोडली, तरी गाडी पुढे ओढतच राहिली. समोर एक म्हातारे गृहस्थ घोडा धरून चाललेले. ब्रेक दाबला, क्लच धरला, तर इंजिन नुसते किंचाळू लागले. शेवटी किल्ली फिरवून गाडी बंद केली. घोड्यात आणि आमच्यात दोन हातांचे अंतर उरले होते. मुलीला काही कळले नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

रेस जास्त राहते, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त जाते, असे आपण समजतो व महिनोन्‌महिने तशीच गाडी हाकतो. मीही तेच करीत होतो. पण मूठ सोडल्यावर इंजिनाने गाडीला मागे धरायचे असते. ते न धरता पुढे ढकलू लागले, तर एकट्या ब्रेकवर सारा भार येतो. असा प्रसंग आलाच तर आधी क्लच धरा आणि किल्ली बंद करा. बाकीचा विचार रस्त्याच्या कडेला.

आता हे होते कां? डास मारण्याचा जुना फ्लिटचा पंप आठवा. पुढे हवा जोरात जाते, तिच्या वाटेत नळीचे तोंड असते, आणि खालचे औषध आपोआप वर ओढले जाऊन फवारा होतो. कार्बोरेटरात हेच घडते. शिक्षक मंडळींनी वर्गात दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे, पंपात साधे पाणी घालून. इंजिन हवा ओढते, हवा पेट्रोल ओढते, आणि हवेच्या वाटेवरचा दरवाजा, ज्याला मिस्त्री स्लाईड म्हणतात, आपल्या मुठीच्या केबलने वर-खाली होतो. मूठ सोडली की दरवाजा जवळजवळ मिटतो. फटीपुरती हवा जाते व इंजिन मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांवर संथ चालते. ती फट ठरवणारा स्क्रू म्हणजे आपला ‘स्लो’चा स्क्रू. तेव्हा रेस उतरत नाही याचा अर्थ एकच. कुठून तरी हवा जास्त जाते आहे. दरवाजा पुरता मिटत नसेल, किंवा भिंतीला दुसरीकडे भोक पडले असेल.

दरवाजा आधी पाहावा, कारण त्याला खर्च नाही. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना रेस चढली, तर केबल ताणलेली आहे किंवा टाकीखाली कुठे अडकली आहे. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल हवी. मूठ सोडल्यावर ती स्वतः ‘टक्’ करून परत आली पाहिजे. येत नसेल तर केबलमध्ये तेल सोडा. तार तुटू लागली असेल तर केबल बदला. केबल चांगली, तरीही अडकते? मग स्लाईड काढून पुसून पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि फिल्टरकडे दुर्लक्ष झाले की थेट तिथे जाऊन बसते. चोक अर्धवट ओढलेला राहिला नाही ना, हेही पाहा. हसू नका, मी स्वतः तसा दहा किलोमीटर गेलो आहे.

स्क्रूच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. थंडीच्या सकाळी गाडी थांबत नाही म्हणून स्क्रू आवळतात, आणि दुपारी इंजिन तापले की तीच गाडी ओरडू लागते. स्लो लावायचा तो चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन गरम झाल्यावरच. दुसरे असे, की बारीक पायलट जेट कचऱ्याने तुंबलेला असतो, त्यामुळे गाडी बंद पडते, आणि जेट साफ करण्याऐवजी स्क्रू आवळून दोष झाकला जातो. त्या जेटमध्ये तार मात्र घालू नये, भोक मोठे होते. हवेच्या दाबाने फुंकून घ्यावा.

माझ्या गाडीचे दुखणे याहून निराळे होते. स्क्रू पूर्ण सैल केला तरी रेस उतरेना. मूठ पिळून सोडली की आवाज वर लोंबकळत राही, मग सावकाश खाली येई. दोन गॅरेजे झाली, नवी केबल पडली, फरक नाही. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क मिस्त्री भेटले, सगळे त्यांना मामू म्हणत. त्यांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, “सर, गाडी एअर घ्यायलीय.”

म्हणजे भिंतीलाच भोक. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातून बिनबोलावलेली हवा आत शिरत होती. मामूंनी साबणाचे पाणी त्या सांध्याभोवती थेंब थेंब सोडले. एका जागी थेंब आत खेचला गेला आणि आवाज क्षणभर बदलला. काही जण इथे पेट्रोल शिंपडून पाहतात. तापल्या इंजिनावर तो जिवाशी खेळ आहे, करू नये. अशी चोरटी हवा नुसती रेस चढवत नाही. पेट्रोल तेवढेच आणि हवा जास्त, त्यामुळे इंजिन फाजील तापते, आणि हवा फिल्टर चुकवून आल्यामुळे धूळही घेऊन येते.

उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. सांध्यातली ओ-रिंग चपटी व कडक होऊन तडकली होती. यात पेट्रोलचाही थोडा भाग असावा असा माझा अंदाज आहे. आपल्याच मांजराकाठच्या उसासारख्या उसापासून झालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळतात. २०२२ पर्यंत ते प्रमाण दहा टक्क्यांवर आले होते. जुन्या रबराला ते मानवतेच असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या खुलाशातही, काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग व गॅस्केट बदलावे लागतील, असे म्हटले होते. उसाला भाव मिळतो हे चांगलेच. रबर बदलायचे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट माणसाची करणी होती. कुणीतरी दोन्ही नट इतके आवळले होते, की कार्बोरेटरचे नरम धातूचे तोंडच धनुष्यासारखे वाकले होते. मामूंनी माझ्या खिशातली स्टीलची पट्टी मागून घेतली, तोंडावर उभी धरली आणि मधली उजेडाची फट मला दाखवली. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते तोंड त्यांनी गोल गोल घासले, मधूनमधून पट्टी लावीत, फट दिसेनाशी होईतो. तोंड स्वच्छ धुऊन नवी ओ-रिंग बसवली, आणि दोन्ही नट आळीपाळीने, बेताने आवळले.

किक मारली. गाडी लागली आणि लगेच बंद पडली. मामू हसले. स्क्रू पूर्ण सैल होता, चोरवाट बुजली होती, आता हवा येणार कुठून? त्यांनी स्क्रू दीड फेरा आत घेतला, पुन्हा किक मारली, आणि कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तो वडिलांच्या वेळचा संथ आवाज त्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला.