चिली कॉन कार्ने : एका कालवणाची कथा आणि कृति



आज मी आपणांस एका परदेशी कालवणाविषयीं चार शब्द सांगणार आहें. एका कालवणावर पंधरा मिनिटें काय बोलायचें, असें कोणाच्या मनांत येईल, आणि तें येणें साहजिकच आहे. परंतु कांहीं पदार्थांचें असें असतें कीं, त्यांच्या पातेल्यावरचें झांकण काढलें म्हणजे वाफेबरोबर एक अख्खें गांव डोळ्यांपुढें उभें राहतें. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत जो 'चिली कॉन कार्ने' नांवाचा पदार्थ होतो, तो अशांपैकींच एक आहे. 'चिली' म्हणजे मिरची व 'कार्ने' म्हणजे मांस. तेव्हां 'मांसासह मिरची' हा या स्पॅनिश नांवाचा सरळ अर्थ. नांवांत पहिला मान मिरचीला आहे आणि मांस तिच्या मागून आलें आहे, हें ध्यानांत ठेवावें. कृति सांगतांना त्याचा उपयोग होणार आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्हांस टेक्सासमधील सॅन अँटोनियो या शहरीं कांहीं वर्षें राहावें लागलें. शेजारीं मेक्सिकन वंशाच्या एक वृद्ध बाई राहत असत. वय पंच्याहत्तरीच्या घरांत, पण कंबर ताठ आणि बोलणें मोजकें. मी त्यांना 'आजी' म्हणूं लागलें, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यांनाहि तो आवडला. एका थंडीच्या दिवशीं त्यांच्या स्वयंपाकघरांतून भाजलेल्या मिरचीचा व जिऱ्याचा वास आला, आणि क्षणभर मला आपण कोल्हापुरांतच आहों असें वाटलें. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, आंत मिरची, जिरें, लसूण, कांदा व मांस यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. मग काय विचारतां ! हा तर आपला रस्साच, असें म्हणून मीं दुसऱ्याच दिवशीं बकऱ्याचें मांस आणलें, हाताच्या सवयीनें फोडणी केली, तिखट घातलें, आणि पाऊण तासांत पातेलें उतरवून आजींना जेवावयास बोलाविलें. मांस चिवट राहिलें होतें आणि रस पाण्यासारखा पातळ. आजींनीं दोन घांस मुकाट्यानें खाल्ले, आणि मग म्हणाल्या, "मुली, हात तुझा चांगला आहे. पण तूं मिरचीची विचारपूस केली नाहींस, आणि मांसाला वेळ दिला नाहींस. शनिवारीं माझ्याकडे ये."

शनिवारीं गेलें, तों चुलीवर दोन पातेलीं. टेक्सास हा गुराख्यांचा मुलुख. तेथें चिली म्हटली म्हणजे ती गाईबैलाच्या मांसाचीच. मोठें पातेलें तिचें होतें. आमच्या घरीं तें मांस चालत नाहीं हें आजींनीं न बोलतां ओळखलें होतें, व शेजारीं बकऱ्याच्या मांसाचें लहान पातेलें माझ्यासाठीं निराळें मांडलें होतें. मिरच्या भिजत होत्या आणि आजी बोलत होत्या. त्यांच्या त्या आठवणींना मीं पुढें वाचलेल्या इतिहासाची जोड देऊन आपणांस सांगतें.

सॅन अँटोनियो हें गांव स्पॅनिश लोकांनीं १७१८ सालीं वसविलें. १७३१ सालीं कॅनरी बेटांतून कांहीं कुटुंबें तेथें येऊन राहिलीं, आणि जिऱ्याची आवड त्यांनींच आणली असें तेथील लोक सांगतात. तें कसेंहि असो. या पातेल्यांत दोन जगांची गांठ पडली आहे एवढें खरें. मिरची मूळची अमेरिका खंडांतली. गुरें, कांदा, लसूण आणि जिरें हीं सर्व समुद्रापलीकडून तेथें गेलेलीं. तीच मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि पुढें आपल्या घराघरांत शिरली. त्यांच्याकडे मिरची यजमान आणि जिरें पाहुणें, तर आपल्याकडे जिरें जुनें आणि मिरची पाहुणी. वास सारखा आला यांत नवल तें काय !

१८२८ सालीं क्लॉपर नांवाचा एक प्रवासी या गांवीं आला होता. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, येथील गरीब कुटुंबें मिळेल तें थोडेंसें मांस बारीक चिरतात व जवळजवळ तितक्याच मिरच्या घालून शिजवितात. चिलीचें मूळ असें दारिद्र्यांत आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिलिटरी प्लाझा नांवाच्या चौकांत मेक्सिकन बायका संध्याकाळीं लांब मेजें मांडूं लागल्या. घरीं शिजविलेली चिली विस्तवावर ऊन ठेवायची, मेजावर कंदील लावायचा, आणि गाडीवान, शिपाई, गुराखी, प्रवासी जो येईल त्याला रात्रीं उशिरापर्यंत वाढायचें, असा हा व्यवसाय. लोक या बायकांना 'चिली क्वीन्स', म्हणजे चिलीच्या राण्या, म्हणत. १८९१ पर्यंत त्या चौकांत नगरभवनाची इमारत उभी राहिली, तेव्हां मेजें दुसऱ्या चौकांत हललीं. स्टीफन क्रेन हा कादंबरीकार १८९५ सालीं तेथें गेला होता. त्यानेंहि त्यांच्याविषयीं लिहिलें आहे.

शिकागो येथें १८९३ सालीं जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांत सॅन अँटोनियोच्या चिलीचें एक दुकान होतें. त्याच दशकांत न्यू ब्रॉनफेल्स गांवच्या विल्यम गेब्हार्ट नांवाच्या जर्मन गृहस्थानें मिरची, जिरें वगैरे जिन्नस एकत्र दळून त्यांची पूड बाटल्यांत भरून विकण्यास आरंभ केला. मग पूड देशभर गेली, डबेहि देशभर गेले. राण्यांच्या वांट्यास काय आलें, तें ऐका. १९३० नंतरच्या दशकांत आरोग्याच्या नियमांखालीं त्यांचीं मेजें उठविलीं जाऊं लागलीं. १९३९ सालीं, मॉरी मॅव्हरिक हे महापौर असतांना, जाळीच्या तंबूंत बसण्याची त्यांना मुभा मिळाली; पण ती फार दिवस टिकली नाहीं, आणि १९४० नंतर थोड्याच वर्षांत शेवटचीं मेजें उठलीं.

आजींची आजी या मेजवाल्यांपैकीं एक. आजी सात-आठ वर्षांच्या असतांना ताटल्या पुसावयास तिच्याबरोबर जात. "त्या नियमांत अर्थ नव्हता असें मी म्हणत नाहीं," त्या मला म्हणाल्या. "माशा होत्या, पाणी लांबून आणावें लागे. पण नळ कोणी दिला नाहीं. जा म्हणून मात्र सांगितलें." मग थोडें थांबून त्यांनीं जें सांगितलें, तें मला विसरतां येत नाहीं. शाळेंतलीं मुलें त्या मेजांना घाणेरडीं म्हणत. म्हणून आपली आजी चौकांत चिली विकते, हें त्यांनीं शाळेंत कोणास कळूं दिलें नव्हतें. एके दिवशीं मैत्रिणींबरोबर घरीं येत असतां म्हातारी समोरून आली, आणि यांनीं मान वळविली. ती कांहीं बोलली नाहीं. घरीं गेल्यावरहि तिनें तो विषय काढला नाहीं. रोजच्याप्रमाणें पुढें ताटली ठेवली.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतें. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सान्तामारिया यांच्या मेक्सिकन शब्दकोशानें हा पदार्थ आपला नव्हेच, असें तिरस्कारानें नमूद केलें. आणि १९७७ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें तोच आपल्या संस्थानाचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केला. उठविलेल्या राण्यांच्या नांवानें शहरांत उत्सवहि होऊं लागले. "मान मिळाला," आजी म्हणाल्या, "पण ज्यांचा तो होता त्या राहिल्या नव्हत्या."

आतां कृति सांगतें. सहा-आठ माणसांना पुरेल असें प्रमाण आहे.

प्रथम मिरची. तेथें वाळलेल्या अनेक जातींच्या मिरच्या मिळतात. त्यांपैकीं 'आंचो' ही रुंद, सुरकुतलेली, काळसर तांबडी असून तिला मनुकांसारखा वास येतो, तिखटपणा बेताचा. 'ग्वाहियो' ही लांबट व तुकतुकीत. सहा आंचो व चार ग्वाहियो घ्याव्या, देंठ व बिया काढाव्या, आणि गरम तव्यावर अर्धा मिनिट परताव्या. वास सुटला कीं लगेच उतराव्या. काळ्या पडल्या तर सारें पातेलें कडू होतें. मग कढत पाण्यांत अर्धा तास भिजवून गंधासारख्या बारीक वाटाव्या. हीच ती मिरचीची विचारपूस.

दुसरें मांस. एक किलो मांस खांद्याचें घ्यावें. तें शिराळ व चिवट असतें, म्हणूनच स्वस्त; आणि चिलीला तेंच लागतें. त्यांतील शिरा व पडदे ज्या 'कोलॅजन' नांवाच्या द्रव्याचे बनलेले असतात, तें मंद आंचेवर दोन-तीन तास राहिल्यानें विरघळून त्याचें 'जिलेटिन' होतें. त्यानें मांस मऊ पडतें आणि रसाला दाटपणा येतो. कोवळें, महाग मांस घेतलें तर तें उलट कोरडें पडतें. मांसाचे सुपारीएवढे तुकडे करावे, कोरडे पुसावे, आणि जाड बुडाच्या पातेल्यांत थोड्या तेलावर किंवा चरबीवर दोन-तीन खेपांनीं तांबूस परतावे. सगळे एकदम घातले तर पाणी सुटतें व तुकडे परतण्याऐवजीं उकडतात.

तुकडे काढून त्याच पातेल्यांत दोन मोठे कांदे बारीक चिरून परतावे. सहा पाकळ्या लसूण ठेचून घालावा. भाजून कुटलेलें एक मोठा चमचा जिरें व लहान चमचाभर सुकी 'ओरेगानो' नांवाची पानें घालावीं. मग वाटलेली मिरची घालून तेल सुटेपर्यंत परतावी. मिरचीचें तिखट द्रव्य व रंग तेलांतच उतरतात. आतां मांस, मीठ आणि मांस बुडून वर दोन बोटें येईल इतकें गरम पाणी घालावें. एकदां उकळी आली कीं आंच अगदीं मंद करावी, झांकण किंचित् कललेलें ठेवावें, आणि अडीच ते तीन तास मधून मधून ढवळीत राहावें. शेवटीं दोन चमचे मक्याचें पीठ पाण्यांत कालवून घालावें व दहा मिनिटें शिजूं द्यावें.

यांत घेवडा घालावा कीं नाहीं, यावर टेक्सासमध्यें घरें फुटतात म्हटलें तरी चालेल. जुन्या वळणाचे लोक घालूं देत नाहींत. १९६७ सालीं टर्लिंग्वा नांवाच्या ओसाड गांवीं विक फाउलर व एच. ॲलन स्मिथ या दोघांत चिलीचा सामना झाला, त्यांतहि हा वाद होताच. आणि सामना बरोबरींत सुटला. आजींचें मत असें कीं, माणसें वाढलीं आणि मांस तेवढेंच राहिलें तर घेवडा घालावा, व त्याबद्दल कोणाची क्षमा मागूं नये.

आपल्याकडे हा पदार्थ करणाऱ्यांसाठीं दोन-तीन सूचना. महाराष्ट्रांत गाईबरोबर बैल व वळू यांच्या वधासहि २०१५ पासून बंदी आहे, आणि पुष्कळ घरीं हें मांस मुळींच चालत नाहीं. तेथें बकऱ्याच्या खांद्याचें मांस घ्यावें. त्याला दीड-दोन तास पुरतात. आंचोच्या ऐवजीं बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या घ्याव्या व झणका हवा असल्यास दोन-तीन संकेश्वरी. अमेरिकन पुस्तकांतून 'चिली पावडर' तीन मोठे चमचे असें लिहिलेलें असतें, त्याला मात्र फसूं नये. त्या पुडींत मिरचीबरोबर जिरें, लसूण, ओरेगानो असे जिन्नस असतात. तितकेंच आपलें लाल तिखट घातलें तर जेवणाऱ्यांचे हाल होतील. आणि तसे झालेच, तर पाणी देऊं नये. दूध किंवा दहीं द्यावें. मिरचीचें तिखट द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं.

शेवटची सूचना धीराची. चिली केल्या दिवशीं खाऊं नये, दुसऱ्या दिवशीं खावी. रात्रभरांत सगळे स्वाद एकमेकांत मिसळतात. मात्र पातेलें तसेंच बाहेर ठेवूं नये. उथळ भांड्यांत काढून निववावी, दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावी, आणि खातांना चांगली उकळी आणावी. बरोबर मक्याची भाकरी किंवा तेथल्यासारखी तोर्तिया, आणि वरून कच्चा कांदा.

आम्ही परत निघालों त्याच्या आदल्या रविवारीं आजी मला शहरांतल्या जुन्या बाजाराच्या चौकांत घेऊन गेल्या. बरोबर त्यांचा दहा वर्षांचा पणतू होता. छत्र्यांखालीं प्रवासी लोक बसून चिली खात होते. एका कोपऱ्याशीं आजी थांबल्या, पणतूचा हात धरला, आणि आजूबाजूच्यांना ऐकूं जाईल अशा आवाजांत त्याला म्हणाल्या, "येथें माझी आजी बसत असे. चिली विकीत असे." दोन-चार माणसांनीं मान वर करून पाहिलें. आजी तशाच उभ्या राहिल्या. त्यांनीं मान वळविली नाहीं.